चॅट क्लायंटची प्रगती: सॉकेटवर टीएलएस चढलं, पोल मात्र रुसला

साध्या टीसीपीवर (दोन यंत्रांतली कूटबद्ध नसलेली जोडणी) चालणारा सी भाषेतला माझा चॅट क्लायंट आता ओपनएसएसएल ३ ही लायब्ररी वापरून टीएलएस १.३, म्हणजे कूटबद्ध जोडणीची भाषा, बोलतो. आधीपासूनचा पोल लूप (कोणत्या सॉकेटवर, म्हणजे जोडणीच्या टोकावर, काम तयार आहे हे ऑपरेटिंग सिस्टिमला विचारणारा) तसाच ठेवायचा आणि एकही सॉकेट ब्लॉकिंग, म्हणजे डेटा येईपर्यंत प्रोग्राम अडवणारा, करायचा नाही, ही अट मीच घातली होती.

प्रत्यक्ष जोडणी एका ओळीची. कनेक्ट झालेला डिस्क्रिप्टर (सॉकेटचा क्रमांक) एसएसएल_सेट_एफडीला दिला की लायब्ररी त्यावर स्वतःचा सॉकेट बायो (वाचण्या-लिहिण्याचा थर) बसवते. हा बायो डिस्क्रिप्टरची मालकी घेत नाही, त्यामुळे एसएसएल_फ्रीनंतर क्लोज आपणच करायचं. मला हे पटतं, ज्याने उघडलं त्यानेच मिटावं.

हँडशेकआधी (जोडणीच्या सुरुवातीची ओळख-बोलणी) होस्टचं नाव दोनदा द्यावं लागतं. एसएसएल_सेट_टीएलएसएक्स्ट_होस्ट_नेम ते सर्व्हरला कळवतं, तर एसएसएल_सेट१_होस्ट ते सर्टिफिकेटशी, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राशी, ताडून पाहतं. पहिलं केलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही. त्यात सर्टिफिकेट तपासायला लावणारं एसएसएल_व्हेरिफाय_पीअर लावलं नाही, तर क्लायंट खोट्या सर्टिफिकेटवरही निमूटपणे हँडशेक पुरा करतो. चालणारा नमुना आणि सुरक्षित नमुना यांत फरक असतो तो इथे.

खरी मजा पोलपाशी आहे. साध्या सॉकेटवर ‘वाचायला तयार’ म्हणजे रीड केलं की बाइट मिळणार. टीएलएसमध्ये हे समीकरण दोन्हीकडून मोडतं. एका रेकॉर्डमध्ये (टीएलएसच्या एका गठ्ठ्यात) १६,३८४ बाइटपर्यंत मजकूर मावतो आणि लायब्ररी अख्खं रेकॉर्ड उचलून उलगडते. माझा बफर (वाचलेलं ठेवायची जागा) ४,०९६ बाइटचा. म्हणजे पहिल्या वाचनानंतर १२,२८८ बाइट लायब्ररीच्या पोटात राहू शकतात, कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) काहीच नसतं आणि पोल खुशाल झोपतो. म्हणून एसएसएल_एरर_वाँट_रीड (‘आणखी डेटा आल्याशिवाय पुढे जाता येत नाही’) येईपर्यंत वाचत राहायचं. एकाच बोलक्या कनेक्शनने लूप अडवू नये म्हणून मी मर्यादा घातली आहे. मर्यादा गाठली की एसएसएल_पेंडिंग (लायब्ररीत उरलेले बाइट) पाहतो आणि शिल्लक असेल तर पोलचा टाइमआउट शून्य, म्हणजे तो झोपतच नाही.

उलट बाजूही आहे. टीएलएस १.३मध्ये सर्व्हर हँडशेकनंतर सेशन तिकिटं (पुढची जोडणी लवकर जुळावी म्हणून) पाठवतो. पोल जागा होतो, एसएसएल_रीड ती गिळतं आणि हाती लागतं फक्त वाँट_रीड. हा बिघाड नव्हे. वाचताना वाँट_राइट (‘आधी लिहिता यायला हवं’) आणि लिहिताना वाँट_रीडही येऊ शकतं. त्यामुळे ‘मला काय करायचंय’ आणि ‘सॉकेटकडून काय हवंय’ या दोन गोष्टी प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळ्या नोंदवल्या. लूप एकदम सुटसुटीत झाला.

लिहिण्याचा नियम कडक आहे. अर्धवट राहिलेलं एसएसएल_राइट पुन्हा करताना मजकुराचा मेमरीतला तोच पत्ता, तीच लांबी. माझी बाहेर जाणारी रांग रीअलॉकने (मेमरी वाढवताना) जागा बदलते, म्हणून एसएसएल_मोड_अ‍ॅक्सेप्ट_मूव्हिंग_राइट_बफर लावलं. मजकूर अर्थातच बदलायचा नाही. प्रत्येक कॉलआधी जुने एरर पुसणारं ईआरआर_क्लिअर_एरर हवंच. एररची रांग थ्रेडची (प्रोग्राममधल्या एका धावत्या धाग्याची) असते, कनेक्शनची नाही, आणि शेजारच्या कनेक्शनचं जुनं दुखणं एसएसएल_गेट_एरर याच्या माथी मारतं.

बंद करणं अजून अपुरं आहे. एसएसएल_शटडाउनचं शून्य म्हणजे आपलं क्लोज_नोटिफाय (‘मी बंद करतोय’ हा संदेश) गेलं, समोरचं यायचंय. समोरचा ते न पाठवताच सॉकेट मिटवतो तेव्हा ओपनएसएसएल ३ त्याला ‘अनपेक्षित शेवट’ ठरवून एसएसएल_एरर_एसएसएल देतं. चॅटमध्ये प्रत्येक निरोपाला लांबीचा हेडर आहे, त्यामुळे निरोप पुरा आला असेल तर ते सोडून देतो, अर्ध्यावर तुटला तर कनेक्शन बाद. आता सर्व्हरची बाजू, म्हणजे क्लायंटचा हँडशेक स्वीकारणारं एसएसएल_अ‍ॅक्सेप्ट त्याच दोन नोंदींवर बसवायचं आहे.