आमची वाटचाल : ह्यूस्टनचा पाऊस आणि आमचं काम

मी पुण्यात शिकलेला सिव्हिल इंजिनिअर. ह्यूस्टनमधली नोकरी सोडून पत्नीसोबत ही छोटी फर्म काढली. बांधकामाच्या साईटवरून पावसाच्या पाण्याबरोबर गाळ बाहेर जातो का, याची पाहणी करणं हे आमचं काम. गावाकडचे लोक विचारतात, "एवढ्यासाठी वेगळी कंपनी लागते?" लागते. मोकळी केलेली माती पहिल्याच सरीला गटारात उतरते, तिथून बायूत (इथल्या संथ ओढ्यात) आणि शेवटी गॅल्व्हेस्टनच्या उपसागरात. असा गाळ वाहू नये म्हणून बांधकामाला सरकारी परमिट लागतं. मार्च २००३ पासून त्याची मर्यादा मोकळ्या केलेल्या ५ एकरांवरून १ एकरावर आली आणि लहान बिल्डरही या कायद्याखाली आले. आमची बहुतेक गिऱ्हाइकं तीच.

टेक्सासच्या परमिटमध्ये पाहणीचे दोन पर्याय आहेत. दर १४ दिवसांनी एकदा, शिवाय अर्धा इंच पाऊस झाला की २४ तासांच्या आत. किंवा ठरलेल्या वारी दर ७ दिवसांनी. आम्ही सगळ्यांना दुसराच सुचवतो. इथे उन्हाळ्यात तासाभरात अर्धा इंच पडतो, तोही एका साईटवर पडतो आणि शेजारची कोरडी राहते. त्यामागे धावताना एखादी पाहणी राहून जातेच. मोठा पाऊस झाला तर आम्ही ठरलेला वार नसतानाही जातो.

सुरुवातीला एका काँट्रॅक्टरने सुचवलं, "साईटवर कशाला येता? रिपोर्ट भरून सही करून पाठवा, पैसे तेवढेच देतो." आम्ही नाही म्हणालो आणि ते काम गेलं. त्याच साईटचा सुपरिंटेंडेंट पुढे दुसऱ्या कंपनीत गेला आणि तिथे त्याने आम्हालाच बोलावलं. आमचा धंदा असाच वाढला, जाहिरातीवर नाही.

सिल्ट फेन्स, म्हणजे गाळ अडवायला साईटच्या कडेने लावलेलं कापडी कुंपण. ती गाडीतून पाहिली तर नेहमी ताठ दिसते. तिचं कापड खाली चरात गाडलेलं हवं. आम्ही कडेकडेने चालत बुटाच्या टोकाने दाबून पाहतो. माती भुसभुशीत लागली की समजायचं, पाणी खालून निघून जातंय. साचलेला गाळ कापडाच्या निम्म्या उंचीपर्यंत पोचण्याआधी काढायचा असतो. पण खरी अडचण मातीची आहे. इथली चिकणमाती आपल्याकडच्या काळ्या रानासारखी, उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते. तिचे बारीक कण कापडातून सरळ पार होतात. म्हणून आमचा आग्रह जमीन झाकण्यावर असतो. जिथे १४ दिवसांहून जास्त काम थांबणार, तिथे लगेच गवताचं बी आणि पेंढा टाकायला लावतो. बिल्डरला तो खर्च नकोसा वाटतो, तरी आम्ही ते रिपोर्टमध्ये लिहितोच.

आज आमच्याकडे चार इन्स्पेक्टर आहेत. नवीन माणूस आधी पत्नीसोबत साईट पायी फिरतो, मग त्याच्या हातात टॅब्लेट येतो.

नव्या बिल्डरांना एकच विनंती : आराखडा कागदावर असतानाच आम्हाला बोलवा. ट्रक बाहेर पडायचा खडीचा रस्ता आणि काँक्रीटचे ट्रक धुण्याचा खड्डा इनलेटपासून (पावसाचं पाणी गटारात जाण्याच्या तोंडापासून) लांब घ्यायचा असेल, तर ते तेव्हाच ठरवता येतं.