पेटीचा नंबर

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

पेटी भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. आर्मीच्या ट्रेनिंगमधून मी परत आलो तेव्हा तिच्यावरचा पांढऱ्या रंगातला नंबर आणि नाव दारातूनच दिसायचं. आज नेव्हीच्या फॉर्मची झेरॉक्स तिच्यावर ठेवायला गेलो, तर समोर नुसता काळा पत्रा. घरात ती फिरवणारं आईशिवाय कोण आहे?

तिला लाज वाटली असेल का?

तिचं माहेर अपशिंगे. पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावलेलं गाव, नावाच्या आधीच ‘मिलिटरी’ लागतं. मामांच्या घरी कसम परेडचे, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावर शपथ घेतानाचे फोटो देवांच्या शेजारी लावलेत. माझ्या फोटोसाठी तिने मी गेल्याच्या आठवड्यातच खिळा ठोकून घेतला होता. तो अजून तसाच आहे. आबांबद्दल नाही लिहीत.

सातव्या आठवड्यात डावी नडगी दुखायला लागली. सिमेंटवर रोज टाचा आपटायच्या, संध्याकाळी परत पळायचं. हाडाला पडलेली बारीक चीर भरायला रात्र पुरत नाही, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. मी तीन आठवडे लपवलं. रेलिगेट होऊन मागच्या बॅचमध्ये जायची भीती होती. शेवटी झालोच रेलिगेट, दोनदा. पाय बरा झाला तरी पाठीवर पिट्टू, हातात रायफल घेऊन ५ किलोमीटर वेळेत होईनात. भरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारून ६० पैकी ६० घेणारा मीच होतो ना? माझ्याबरोबर गेलेला पोरगा आता युनिटला आहे. त्याचा फोन मी उचलत नाही.

आणि तो घरी पाठवल्याचा, डिस्चार्जचा कागद. इंग्रजीत एकच ओळ, अर्थ एवढाच की हा चांगला सैनिक होण्याची शक्यता कमी. ती ओळ मी पाठ केलेली नाही, पण पाठ आहे. पेटीच्या तळाशी, कांबळ्याखाली ठेवलाय. आईने तो बघितला असेल का? बघून पेटी फिरवली असेल का? इंग्रजी तिला वाचता येत नाही, पण शिक्का कळतो.

संध्याकाळी गावातल्या रिटायर सुभेदारांकडे गेलो होतो. वाटलं, ते म्हणतील आधीचं काही लिहू नकोस. ते म्हणाले, लपवलंस तर गुन्हा आहे. रीतसर डिस्चार्ज न घेता दुसऱ्या दलात शिरणं हासुद्धा गुन्हा, आर्मी ॲक्टमध्येच लिहिलंय. म्हणजे ज्या कागदाला मी कांबळ्याखाली दडपलंय, तोच दाखवून पुढचं दार वाजवायचं. येताना बांधावर बराच वेळ बसलो. रडलो थोडा. मग उठून पळालो. १६०० मीटर ६ मिनिटं ५ सेकंद, आणि नेव्हीला साडेसहा लागतात. नडगी दुखली नाही. जन्मतारखेच्या हिशोबाने माझी ही शेवटचीच बॅच आहे, आणि मला जायचंय. गावाला दाखवायला नाही. पहाटे शिट्टी वाजली की शंभर पोरं एकदम उठायची, त्यातला एक व्हायचंय मला, अजूनही.

जेवताना न राहवून विचारलं, “पेटी का फिरवलीस?”

“आरं, नंबर पुसून टाकू का ठेवू, मला कळंना. तुला विचारायचं धाडस होईना. म्हणून फिरवली.”

मी काहीच बोललो नाही. तिने अजून एक भाकरी वाढली. मग चुलीकडे बघतच म्हणाली, “तिकडं ओरिसाला पवायला लावत्यात म्हणं.”

“हो. चिल्काला, नेव्हीच्या ट्रेनिंगमध्ये.”

“मग उद्यापासनं हिरीवर जा. पाणी हाय अजून. तरंगायला बिंडा नको बांधू आता, मोठा झालायस.”