कट्ट वाजलं म्हणजे बरं झालं का?

मागच्या महिन्यात भाचा घरी आला तोच कमरेवर हात ठेवून. वय सतरा, क्लबकडून फास्ट बॉलिंग करतो, आणि आल्या आल्या म्हणे मामा मला कायरोप्रॅक्टरकडे जायचंय, दोन मिनिटांत मोकळं करतात. (कायरोप्रॅक्टर म्हणजे मणक्यांना, सांध्यांना हाताने झटका देऊन उपचार करणारे.) फोनमध्ये रील तयारच होतं. एकजण पालथा झोपलाय, दुसरा अंगावर रेलून जोर देतोय, कट्ट आवाज, आणि मग पेशंटचा चेहरा असा की साक्षात पांडुरंग दिसला.

आई शेजारी शेंगा सोलत बसली होती, ती मान वर न करता म्हणाली, उसण भरली असेल, कुणी पायाळू बघा आणि पाय लावून घ्या. म्हणजे आजी-नातवाचं निदान एकच, पाठीला कुणीतरी झटका द्यायचा 😄

मी हसलो, पण पोरगं अगदीच चूक नव्हतं. मोठ्या टीम्सकडे कायरोप्रॅक्टर असतात, अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये तर ते नेहमीचंच झालंय. सुरुवात मात्र भारी आहे. १८९५ साली अमेरिकेत डेव्हनपोर्टला डी. डी. पामर नावाच्या माणसाने एका बहिऱ्या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असा त्याचा दावा. (कान आणि पाठीचा संबंध काय ते विचारू नका.) डॉक्टरांनी या मंडळींना पार वाळीत टाकलं, कायरोप्रॅक्टरसोबत काम करणं अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियमात अनैतिक होतं. तो नियम त्यांनी १९८० ला बदलला, आणि त्याच वर्षी लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकला जॉर्ज गुडहार्ट अमेरिकन टीमचे पहिले अधिकृत कायरोप्रॅक्टर म्हणून गेले. पुढे १९८७ ला कोर्टाने या बहिष्काराबद्दल असोसिएशनलाच दोषी धरलं. लंडन २०१२ ला खेळाडूंच्या गावातल्या दवाखान्यातच त्यांना जागा मिळाली, आणि विल्यम मोरो नावाचे कायरोप्रॅक्टर तर अमेरिकन ऑलिंपिक कमिटीच्या स्पोर्ट्स मेडिसिनचे प्रमुख होते.

आता खेळाडूंना ते का आवडतात, तर एक साधं कारण म्हणजे गोळी नाही, इंजेक्शन नाही, त्यामुळे डोप टेस्टची धास्ती नाही. आणि मोठ्या टीम्समध्ये ते नुसती पाठ कडकडवत नाहीत, घोटा, खुबा, खांदा, आखडलेले स्नायू सगळं बघतात, व्यायामही देतात. पण रीलमध्ये न दिसणारी गोष्ट ही की तिथे तो एकटा नसतो. टीमचा डॉक्टर असतो, फिजिओ असतो, ट्रेनर असतो, एमआरआय झालेला असतो, आणि कुणाच्या पाठीला आज हात लावायचा नाही हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्या कोपऱ्यावरचा न्हावी पण दाढी झाल्यावर मान मोडून द्यायचा, त्याच्याकडे कुठली आलीय फाईल.

फास्ट बॉलरच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. बॉल सोडताना कंबर एकाच वेळी मागे वाकते, बाजूला झुकते आणि वळते, त्यामुळे खालच्या मणक्यांच्या हाडाला बारीक चीर पडू शकते, तरण्या पोरांत जास्तच. बुमराहचं सगळ्यांनी बघितलंय, २०१९ ला स्ट्रेस फ्रॅक्चर, २०२२ ला परत पाठ, मग मार्च २०२३ ला न्यूझीलंडमध्ये ऑपरेशन. अशा हाडावर कुणी झटका दिला तर उपकार नाही होणार.

आणि तो आवाज, ज्याच्यावर सगळी रील चालतात, तो हाड जागेवर बसल्याचा नसतोच. २०१५ साली कॅनडात अल्बर्टा युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी एमआरआयमध्ये बोटं मोडताना शूटिंग केलं, सांध्यातल्या द्रवात एकदम पोकळी तयार होते तेव्हा तो कट्ट येतो. बोटं पण एका कायरोप्रॅक्टरचीच होती!

म्हणजे फायदा शून्य का? तसं पण नाही. साध्या कंबरदुखीला अमेरिकेतल्या फिजिशियन्सच्या २०१७ च्या गाईडलाईनमध्ये मणक्याचं मॅनिप्युलेशन (म्हणजे हाच हाताचा झटका) आहे, पण शेक, मसाज, योगा, व्यायाम यांच्याच रांगेत. ब्रिटनवाले तर म्हणतात की व्यायामासोबतच करा, नुसतं नको. मानेच्या झटक्याला मी स्वतः कधी तयार होणार नाही, रक्तवाहिनी फाटून स्ट्रोक झाल्याच्या केसेस आहेत, क्वचित असतील पण आहेत.

भाच्याला मी आधी स्पोर्ट्सच्या डॉक्टरकडे नेलं. पूर्ण रस्ताभर तोंड फुगवून बसला होता. एमआरआयमध्ये स्ट्रेस रिअॅक्शन निघाली, चीर पडायच्या आधीची पायरी, तीन महिने बॉलिंग बंद आणि फिजिओकडे व्यायाम चालू. बॅटिंग करू का एवढं एकच त्याने डॉक्टरला विचारलं.

आईने तोवर पायाळू शोधून ठेवला होता, आमच्याच बिल्डिंगचा वॉचमन निघाला. तिची समजूत घालणं एमआरआयपेक्षा महाग पडलं.