थंडरबर्डचा उजवा कोपरा

थंडरबर्ड या मेलच्या सॉफ्टवेअरमध्ये मेल वाचताना उजवीकडे जी कॅलेंडरची पट्टी असते ना, टुडे पेन म्हणतात तिला, ती मी बरेच दिवस बंदच करून ठेवली होती. कारण ती उघडली की वर अख्खा महिना, खाली पुढच्या दोन आठवड्यांच्या सगळ्या भानगडी, त्याखाली अर्धवट टास्क, आणि या सगळ्यात आजची मीटिंग कुठे आहे हे शोधायला स्क्रोल करावं लागायचं. मग पट्टी कशाला, कॅलेंडरचा टॅबच उघडतो की.

परवा जरा वेळ होता म्हणून एकदाचं मनावर घेतलं. एफ ११ दाबलं की पट्टी येते-जाते (काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागतं). आणि मेलच्या टॅबमधे ती उघडी ठेवून कॅलेंडरच्या टॅबमधे बंद ठेवता येते, प्रत्येक टॅबचं वेगळं लक्षात राहतं. हे मला माहीतच नव्हतं. कॅलेंडर समोर असताना बाजूला परत छोटं कॅलेंडर कशाला हवं, तिथली लगेच घालवली.

मग व्ह्यू मेनूत टुडे पेनखाली जाऊन मिनी-मंथ काढून मिनी-डे केलं, म्हणजे महिन्याच्या चौकटीऐवजी फक्त आजची तारीख मोठ्ठी दिसते. नन, म्हणजे काहीच नको, केलं तर तीही जाते, पण मला तारीख लागते, मला वारसुद्धा आठवत नाही कधी कधी. पट्टीच्या डोक्यावर बारीक बाण आहेत, त्यांनी फक्त इव्हेंट, फक्त टास्क किंवा दोन्ही असं फिरवता येतं. मी टास्क उडवले. तसेही ते मी कधी पूर्ण करत नाही, नुसते बघून अपराधी वाटतं.

खरा फरक पडला तो सेटिंग्जमधे कॅलेंडरखाली अजेंडा किती दिवसांचा दाखवायचा ते कमी केल्यावर. तीन दिवस ठेवलेत. आणि कॅलेंडर टॅबमधे डावीकडच्या यादीत वाढदिवसांच्या कॅलेंडरसमोरची खूण काढली, ते तिथून लपलं की पट्टीतूनही जातं. याचा तोटा आहे, एक वाढदिवस ऑलरेडी हुकलाय, पण चालतंय.

इथेच थांबायला हवं होतं. पण अक्षरं जरा मोठी हवी होती फक्त त्या पट्टीतली, म्हणून यूजरक्रोमच्या, म्हणजे थंडरबर्डचं रूप आपल्याला हवं तसं बदलणाऱ्या फाइलच्या, नादी लागलो. त्यासाठी प्रोफाइलच्या फोल्डरमधे (थंडरबर्ड आपले मेल आणि सेटिंग्ज ठेवतं तो) क्रोम नावाचा फोल्डर करायचा, त्यात यूजरक्रोम डॉट सीएसएस नावाची फाइल ठेवायची, आणि कॉन्फिग एडिटरमधे लेगसी यूजर प्रोफाइल स्टाइलशीटवाली सेटिंग ट्रू करायची, ती आपोआप चालू नसते. सगळं केलं, रीस्टार्ट केलं, अक्षरं जैसे थे. परत उघडलं, कंस तपासले, सेमिकोलन तपासले, अक्षरांच्या आकाराचा आकडा वाढवून थेट चाळीस पिक्सेल केला की निदान काहीतरी हलेल, तरी ढिम्म. अर्धा तास गेला यात. शेवटी फाइलचं एक्स्टेंशन, म्हणजे नावाचं शेपूट, दिसेल असं केलं तर तिचं पूर्ण नाव निघालं यूजरक्रोम डॉट सीएसएस डॉट टीएक्सटी! नोटपॅडमधे सेव्ह करताना मीच ऑल फाइल्स निवडलं नव्हतं.

नाव दुरुस्त केलं, रीस्टार्ट केलं, आणि आकडा अजून चाळीसवरच होता हे विसरलो. सकाळच्या मीटिंगचं नाव अख्ख्या पट्टीत मावेना, एका ओळीत तीन अक्षरं. आता पंधरावर आहे. डिझाइन बदलेल तसे अशा फाइलमधले नियम मोडू शकतात म्हणे, त्यामुळे त्यात तीनच ओळी ठेवल्यात, आणि बॅकअपही काढून ठेवलाय. डॉट टीएक्सटी न लावता.