लोणच्याच्या बरणीची कुंडी : पहिले दोन महिने

८ जून
माळ्यावर सासूबाईंच्या तीन बरण्या होत्या. चिनी मातीच्या, गळ्यापर्यंत तपकिरी आणि खाली पांढरट. त्यातल्या दोन बरण्यांच्या काठाचे टवके उडालेत, म्हणून त्यांत लोणचं भरणं बंद झालं होतं. "नुसत्या पडून आहेत गं, झाडाला होत असतील तर घे," असं आईच म्हणाल्या. पाच किलोच्या बरणीत मनी प्लांट लावायचा ठरवला.

पण भोक पाडल्याशिवाय लावणार नाही. गेल्या पावसाळ्यात बिनभोकाच्या चकचकीत कुंडीत पीस लिली गमावली. विकणाऱ्याने सांगितलं होतं, तळाला खडी घाला, पाणी खाली उतरेल. मीही घातली. झाड उपटलं तेव्हा मुळं तपकिरी, बोटात धरली की साल सुटून यायची, आणि वास गटारासारखा.

खडीचं गणित मला नंतर स्पंजने समजलं. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच उभा करा, आणखी पाणी पडतं. म्हणजे आडव्या स्पंजात ते अडून बसलेलं असतं. मातीतही तसंच, तळाशी एक चिंब थर राहतोच. खडी घातली की तो थर खडीच्या वर, मुळांच्या आणखी जवळ येतो. मातीच्या कुंडीच्या भिंतीतून थोडं पाणी उडून जातं. ग्लेझमधून (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपातून) ते जात नाही, मग वाट उरते फक्त वरची आणि तळाची.

११ ते १८ जून
बरणी धुऊन वाळवली, तर दुसऱ्या दिवशी अंगावर पांढरी भुकटी! ग्लेझला केसासारख्या भेगा आहेत, त्यातून इतक्या वर्षांचं मीठ बाहेर येतंय. हे तसंच झाडाला गेलं असतं तर पानांच्या कडा जळाल्या असत्या. बरणी बादलीत बुडवून ठेवली. रोज पाणी बदलते आणि जिभेला लावून बघते. सहाव्या दिवशी खारटपणा गेला. वाळवल्यावर भुकटी आली नाही.

२० जून
भोक पाडलं. यावर सविस्तर लिहिते, कारण आधी सराव म्हणून घेतलेला एक मग घाईत फुटला.

बरणीत ओली वाळू ठासून भरली, तोंडावर फळी धरून ती पोत्यावर उलटी केली. आतून आधार असला की ड्रिलचं बिट (भोक पाडणारं टोक) आरपार जाताना टवका उडत नाही. तळाला ग्लेझ नसते (भट्टीत चिकटू नये म्हणून ती तिथे लावत नाहीत), त्यामुळे बिट फारसं घसरलं नाही. टाइल्सना भोक पाडायचं १२ मिमीचं डायमंड बिट घेतलं. ड्रिलचा हॅमर (ठोके मारायची सोय) बंद आणि वेग अगदी कमी. भोकाच्या जागेभोवती कणकेचं आळं केलं, त्यात चमचाभर पाणी. हे पाणी महत्त्वाचं, कोरडं बिट तापतं आणि भांडं तडकतं. सुरुवातीला बिट तिरपं टेकवून चंद्रकोरीएवढी खाच पाडली, मग सरळ केलं. जोर लावायचा नाही, मशीनचं वजन पुरतं. मशीनमध्ये पाणी जाणार नाही याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. आळ्यातलं पाणी दुधासारखं झालं, दोनदा बदललं. आठव्या मिनिटाला आवाज पोकळ झाला आणि शर्टाच्या बटणाएवढी चकती निसटली. कड गुळगुळीत, एकही तडा नाही. आई शेजारी उभ्या होत्या, त्यांनी आधी बोट फिरवून बघितलं.

२२ जून
लावणी. काळी माती घेतलीच नाही. आपल्या सांगलीची ही माती शेतात सोनं आहे, पण कुंडीत ओली झाली की फुगून गच्च बसते आणि वाळली की कडेने सुटते. दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग विटांचे चाळलेले बारीक तुकडे. भोकावर डासांच्या जाळीचा तुकडा. खाली टाइलचे तीन तुकडे ठेवून बरणी उचलली. ती थेट बशीवर टेकली तर भोक असून नसल्यासारखं.

२० जुलै
पाणी आता वजनकाट्यावर ठरवते. पाणी घालून निथळल्यावर बरणी ६.१ किलो, पुन्हा पाणी घालायची वेळ येते ५.४ किलोला. या पावसाळी हवेत त्याला अकरा दिवस लागले, शेजारच्या मातीच्या कुंडीला पाच. वर हात लावून माती कोरडी लागते, पण पोटात ओल असते. काटा नसता तर मी दुप्पट पाणी घातलं असतं.

१० ऑगस्ट
तीन नवी पानं आली, शेवटचं तळहाताएवढं. बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरा थर धरायला लागला होता. पावसाचं साठवलेलं पाणी तळातून वाहेपर्यंत दोनदा घातलं, थर गेला. एक अडचण मात्र पुढे आहे. बरणीचं पोट मोठं, गळा लहान, त्यामुळे मुळं भरली की झाड अख्खं निघणार नाही, वरून काप घेऊन नव्याने लावावं लागेल. मनी प्लांटला ते चालतं. झेडझेड प्लांटचे कंद गळ्यातून निघणार नाहीत, ते अशा बरणीत लावू नका.

दुसरी बरणी बादलीत आहे. आज चौथं पाणी, अजून खारट.