किळस, ट्रे आणि चेहरा : परिचारिकेच्या कामाचा माझा अनुभव

जीएनएमला, म्हणजे परिचारिकेच्या पदविकेला, प्रवेश घेतला तेव्हा इंजेक्शन, सलाइन आणि औषधांच्या वेळा एवढेच परिचारिकेचे काम माझ्या डोळ्यांसमोर होते. वॉर्डात गेल्यावर बेडपॅन, एनिमा, अंथरूण खराब झालेल्या रुग्णाची स्वच्छता हे सगळे एकदम वाट्याला आले आणि घरी कळताच एका काकांनी ‘एवढ्यासाठी तीन वर्षे शिकायचे?’ असे विचारले. ही कामे मावशींची, असे मानणारे रुग्णालयातही भेटतात. मला ते पटत नाही, कारण रुग्णाला कुशीवर वळवून पुसताना त्याची पाठ जशी नीट पाहता येते, तशी एरवी क्वचितच कोणी पाहते.

माकडहाडावरची त्वचा लाल दिसत असेल आणि बोटाने दाबूनही ती लाली फिकी पडत नसेल, तर बेडसोरची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, ती सुरुवात असते. शौच डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे असेल, तर जठरात किंवा त्याच्या आसपास रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, म्हणून आधी औषधांचा कागद पाहायचा. हिरवट पू आणि गोडसर वास आला, की स्यूडोमोनास या जंतूची शंका डॉक्टरांच्या कानावर घालायची. काय पाहायचे हे कळू लागल्यापासून माझी किळस गेली असे नाही, पण ती मागच्या रांगेत जाऊन बसली.

बाकी भाग तयारीचा. ड्रेसिंगचा ट्रे पूर्ण लावून आणि दूषित कचऱ्याची पिवळी पिशवी हाताशी ठेवूनच मी पट्टी सोडते, कारण उघड्या जखमेशेजारी उभे राहून गॉज शोधण्याइतके दुसरे काहीही नकोसे होत नाही. मास्कला आतून बाम लावण्याचा उपाय मी सोडून दिला. त्याने डोळ्यांतून पाणी येते आणि चिमटा नीट दिसत नाही. उपाशीपोटी ड्युटीवर येणे मात्र कटाक्षाने टाळते, कारण रिकाम्या पोटी मळमळ अधिक होते. मधुमेही रुग्णाच्या पायाच्या जखमेत अळ्या पडलेल्या असताना टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला गॉज ठेवून, वर येणारी एकेक अळी चिमट्याने काढणे हे काम ऐकायला भयंकर वाटते. प्रत्यक्षात त्यात इतके लक्ष लागते, की ओकारी काढायला सवड नसते.

सर्वांत अवघड असते ते चेहरा सांभाळणे. वयस्क रुग्ण आपल्या तोंडाकडेच पाहत असतात आणि सिस्टरने नाक मुरडलेले दिसले, की पुन्हा बेडपॅन मागावे लागू नये म्हणून पाणी पिणेच कमी करतात; मग लघवी गडद होते, शौचाला खडा होतो आणि एनिमाची वेळ येते. म्हणून मी पडदा ओढते, अंगावर चादर ठेवून लागेल तेवढाच भाग उघडा करते आणि पावसापाण्याच्या, गावाकडच्या गोष्टी काढते. त्यातल्या अनेक आजोबांना माझ्या पगाराची चौकशी करण्यात भारी रस असतो.

कफाची सवय मात्र मला आजतागायत झालेली नाही. ट्रॅकिओस्टॉमीच्या, म्हणजे श्वासासाठी गळ्यात बसवलेल्या, नळीतून सक्शनने कफ ओढून घेताना होणारा तो घर्र आवाज आणि बाटलीत साठणारा चिकट द्रव पाहिला, की अजून अंगावर काटा येतो. आमच्या पाळीतल्या एका सहकारी सिस्टरना सक्शनचे काही वाटत नाही, पण अळ्या पाहवत नाहीत. रुग्णाला थांबावे लागत नसेल, तेव्हा आम्ही कामांची अदलाबदल करतो, आणि त्या रजेवर असल्या की सक्शनही मीच करते.