सीझर कोण होता?

चित्रपट संपला, नामावली सरकू लागली आणि दादाच्या धाकटीने विचारले, "आत्या, सीझर म्हणजे नेमका कोण होता गं?" प्रश्न साधा होता, मी त्याचे उत्तरही दिले, पण तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

'किंगडम ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स' तिला मनापासून आवडला. त्यातला तरुण वानर नोआ, त्याच्या टोळीने पाळलेले गरुड, झाडावेलींनी गिळलेल्या माणसांच्या इमारती, या साऱ्याबद्दल ती भरभरून बोलत होती. मला आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही. परंतु त्या आनंदाच्या तळाशी काहीतरी टोचत राहिले. हा चित्रपट सीझरच्या, म्हणजे आधीच्या तीन भागांचा नायक असलेल्या वानरनेत्याच्या, अंत्यसंस्काराने सुरू होतो. मला त्या वेळी हुंदका आवरावा लागला आणि माझ्या शेजारी बसलेल्या मुलीसाठी तो कुणा अनोळखी वानराचा निरोप होता. ज्याच्यासाठी मी इतकी वर्षे जीव टाकला, त्याच्यावाचून तिचे काहीच अडले नाही.

दादाने तिला हे सांगितले नसेल का? की सांगायला वेळच... ते असो.

1968 चा मूळ चित्रपट, 'प्लॅनेट ऑफ द एप्स', मला त्यानेच दाखवला होता. जॉन चेंबर्स यांच्या ज्या रंगभूषेला विशेष ऑस्कर मिळाले, त्या रंगभूषेतले वानर मला तेव्हा अगदी खरे वाटले होते. 2001 च्या पुनर्निर्मितीतही रंगभूषा उत्तम होती, पण जीव गुंतला नाही. त्यामुळे 2011 साली ही मालिका नव्याने सुरू होणार असे कळले, तेव्हा मी कोणतीही अपेक्षा ठेवली नव्हती. आणि मग ते दृश्य आले. मूळ चित्रपटात नायक झालेला चार्ल्टन हेस्टन 'तुमचे घाणेरडे हात काढा' असे वानरांवर ओरडतो, तेच वाक्य इथे वानरगृहाचा रखवालदार सीझरला ऐकवतो, आणि सीझर त्याचा हात धरून म्हणतो, "नाही!" 1968 मध्ये माणूस बोलला म्हणून वानर हादरले होते, इथे वानर बोलला म्हणून माणसे हादरतात. शिवाय वानरांपैकी पहिल्याने उच्चारलेला शब्द हाच होता, हे जुन्या मालिकेच्या 1971 च्या तिसऱ्या भागातच सांगून ठेवलेले आहे. त्या एका शब्दामागे चाळीस वर्षे उभी होती आणि ती ज्यांना ठाऊक होती, त्यांच्या अंगावर काटा आला. सीझरच्या आईचे नाव 'ब्राइट आइज', म्हणजे मूळ चित्रपटातल्या झीरा या चिंपांझी शास्त्रज्ञ मादीने हेस्टनला दिलेले तेच नाव. ओरँगउटानचे नाव मॉरिस, कारण मूळ चित्रपटातला ओरँगउटान डॉ. झायस मॉरिस इव्हान्स यांनी साकारला होता. आम्ही जपलेले सगळे कुणीतरी तितक्याच मायेने जपले होते.

अँडी सर्किस यांना सीझरच्या भूमिकेसाठी ऑस्करचे साधे नामांकनही मिळाले नाही, याचा मला आजही राग येतो. चेहऱ्यावरचा प्रत्येक केस संगणकाने घडवला असेल. परंतु 2017 च्या भागात, आपले लोक सुखरूप पोहोचले आहेत हे पाहून शांत होत जाणारी ती नजर संगणकातून येत नाही. ते मरण मी अजून पचवलेले नाही, आणि तिने विचारले, कोण होता.

पण लिहिता लिहिता लक्षात येते आहे की हा प्रश्न मुळात नोआचाच आहे. त्याच्या टोळीला सीझर माहीत नाही. राका नावाचा ओरँगउटान भेटतो, सीझरचे नाव घेतो, आणि आपण कुणाबद्दल बोलतो आहोत हे या पोराला ठाऊकच नाही हे पाहून थक्क होतो. मग रागावत नाही, सांगू लागतो. उलट ज्या प्रॉक्सिमस या जुलमी वानरराजाच्या तोंडी सीझरचे नाव सतत असते, त्यानेच सीझरची वचने वाकवून इतरांना राबवायला वापरली आहेत. म्हणजे नाव ठाऊक असणे ही काही मोठी गोष्ट नव्हे, असे हा चित्रपटच म्हणतो. आणि माझा तरी सीझर पहिला कुठे होता? 1972 मध्ये रॉडी मॅकडॉवल यांनी उभा केलेला सीझर ज्यांनी काळजात जपला, त्यांना 2011 चा सीझर असाच परका वाटला असणार. त्यांनीही कुणाला तरी सांगितलेच असेल. मला तर दादाने सांगितले.

आता प्रश्न उरतो तो क्रमाचा. सीझरची ओळख व्हावी म्हणून 2011, 2014 आणि 2017 हे तीन भाग आधी दाखवावेत, असे प्रथम वाटले होते. पण बोलता बोलता कळले की मूळ चित्रपटाचा शेवट तिला अजिबात ठाऊक नाही. समुद्रकिनाऱ्यावरचे ते दृश्य इतक्या ठिकाणी छापले आणि दाखवले गेले आहे, की आता ते अजाणतेपणी पाहणारे माणूस सापडणे कठीण. आणि ते माझ्याच घरात बसले आहे. तिला काहीच माहीत नाही, याचे मघाशी मला दुःख होत होते. आता तेच तिच्यासाठी जपून ठेवावेसे वाटते.

तेव्हा 1968 पासूनच सुरुवात करायची. फक्त माझ्याकडच्या डीव्हीडीच्या वेष्टनावर तो शेवटच छापलेला आहे, त्यामुळे ते वेष्टन तिच्या नजरेस पडता कामा नये. सीझरला थोडे थांबावे लागेल.